हेडबाईंचा गुडघा

हेडबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. घरातही नाही. मुलगा तोंडावर ‘आई’ म्हणायचा, सून ‘अहो आई’ म्हणायची, पण दोघं एकमेकांशी बोलताना ‘हेडबाई जेवल्या का?’ असंच विचारायची. हेडबाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसाचा हुद्दा गेला तरी आवाज काही जात नाही, आणि यांचा आवाज असा की पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोराने आपण होऊन खिसे उलटे करावेत.

शाळेत त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी फार होती. पोटात दुखतंय म्हणून घरी निघालेलं पोर समोर आलं की त्या काही विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. खरं दुखत असेल तर ते तोंडावरच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. खोटं असेल तर पोर त्या नजरेखाली थोडा वेळ चुळबुळ करून मुकाट्याने वर्गात परत जायचं. अशा बाईवर आपल्याच दुखण्याचा पुरावा द्यायची वेळ आली, याला काय म्हणावं!

गुडघा दुखायला लागला तो उजवा. आणि हेडबाईंनी तो काही गुपचूप सोसला नाही. पहिल्या पायरीवर ‘आई गं’, वळणावर ‘मेले गं’ आणि वर पोचल्यावर ‘या घरात कुणाला काही आहे का?’ असा त्यांचा जिना चढण्याचा क्रम ठरून गेला. घर जुन्या धाटणीचं, अरुंद आणि उंच. खाली रस्त्याच्या बाजूला मुलाचं पुस्तकबांधणीचं दुकान, त्याच्यामागे एक खोली, मग स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. झोपायच्या खोल्या वर. म्हणजे चहाला खाली, अंघोळीला खाली, जेवायला खाली, आणि प्रत्येक वेळी परत वर. जिना चढा होता आणि कठडा एकाच बाजूला होता, तोही डाव्या.

एके दिवशी जेवता जेवता हेडबाईंनी मागणी पुढे केली. “मागची खोली मला द्या. मी खालीच राहीन.”

मागच्या खोलीत मुलाचं कटिंग मशीन होतं. बिडाचं, वडिलांच्या वेळचं, बांधलेल्या पुस्तकाच्या तिन्ही कडा एका दमात सपाट कापणारं. दुकानात ते ठेवलं तर गिऱ्हाइकांना पाय ठेवायला जागा उरत नव्हती आणि जिन्यावरून वर जाणं तर सोडाच. त्याच्याच बाजूला पुस्तकं दाबायचा प्रेस, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, खळीचे डबे. मुलाने, गल्लीच्या भाषेत बाइंडरने, आईकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे बघितलं.

“मशीन कुठे नेऊ आई? डोक्यावर घेऊन फिरू?”

“आईपेक्षा मशीन मोठं झालं का रे?”

“मोठं नाही, जड आहे.”

बाइंडर तसा वाईट माणूस नव्हता, पण हट्टी होता, आणि हट्ट कुठून आला होता ते समोरच बसलेलं होतं. त्याने बहिणीला फोन लावला. ती दुसऱ्या गावाहून म्हणाली, “अरे, आईला पहिल्यापासून कौतुक लागतं. शाळेत घसा बसायचा तेव्हा आठवतंय ना? अख्ख्या गल्लीने चौकशी करून गेल्याशिवाय घसा सुटायचा नाही.” हे सगळं हेडबाईंच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने चाललं होतं. सून भांडी आवरत होती.  दोन हट्टी माणसांच्या मध्ये पडायचं नाही, असा कानाला खडा तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी लावला होता.

शेवटी तोडगा बाइंडरनेच काढला. “आपल्या घरात एक्स-रे काढणारं माणूस आहे ना? फोटो काढू. फोटोत बिघाड दिसला तर मशीन हलवतो, शब्द देतो. नाही दिसला तर हा विषय बंद.”

हेडबाई म्हणाल्या, “काढा.” त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती. आपला गुडघा दुखतो हे त्यांना माहीत होतं, आता ते कागदावर यायचं तेवढं बाकी होतं.

सून इस्पितळाच्या तळघरातल्या एक्स-रे विभागात काम करायची. तिथे तिला ‘हलू-नका बाई’ म्हणत. काचेमागून तिने ‘हलू नका’ म्हटलं की पेशंट तर हलायचे नाहीतच, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईकही श्वास रोखायचे. घरात मात्र तिचा आवाज वेगळा होता. घरात हुकूम सोडायला हेडबाई होत्या आणि एका घराला एक हेडबाई पुष्कळ होतात.

गुडघ्याच्या फोटोबाबत विभागात तिचा कडक नियम होता: उभ्याने काढायचा. भिंतीला प्लेट, समोर बुटका ओटा, धरायला दांडा. पेशंटला ओट्यावर चढवायचं, वजन दोन्ही पायांवर घ्यायला लावायचं आणि मग बटण दाबायचं. कुणाला अजिबातच उभं राहता येत नसेल तर झोपवून काढायचा, पण मग फोटोवर तसा शेरा टाकायचा. कारण साधं होतं. गुडघ्यातल्या दोन हाडांच्या मध्ये जी मऊ कूर्चा असते ती एक्स-रेत दिसतच नाही. दिसते ती फक्त तिने अडवलेली जागा, दोन हाडांमधली काळी फट. कूर्चा झिजली की फट कमी होते, पण ती खरी किती उरली आहे हे अंगाचा भार वर आल्याशिवाय नीट कळत नाही. हे ती नव्या येणाऱ्या प्रत्येकाला शिकवायची. कुणी आळस केला तर कानउघाडणी करायची.

आणि मग हेडबाई पडद्यामागून बाहेर आल्या. इस्पितळाचा निळा गाऊन, मागे नाड्या अर्धवट बांधलेल्या, चष्मा काढून ठेवलेला. त्यांच्या पोटऱ्या इतक्या बारीक असतील असं सुनेला कधी वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिने या बाईला केस न विंचरता बघितलं नव्हतं, आणि आज ती उघड्या पायांनी, थंड फरशीवर, कुणाला तरी विचारूनच उभं राहावं तशी उभी होती. सुनेला एकदम कसंतरी झालं.

हेडबाईंनी ओट्याकडे बघितलं. “यावर चढायचं?”

“हो आई. म्हणजे, जमेल का?”

“नाही गं जमायचं.”

दुसरी कुणी बाई असती तर सून म्हणाली असती, ‘जमतं, मी धरते, चढा.’ रोज डझनभर बायकांना म्हणत होती. सासूला ‘चढा’ म्हणायला तिची जीभ रेटेना. ‘वजन टाका, पाय सरळ करा, वाकू नका’ असं या बाईला सांगायचं? हिने आयुष्यभर दुसऱ्यांना सरळ उभं केलं. “राहू द्या आई,” ती म्हणाली, “तुम्ही इथे टेबलावर झोपा आरामात.” तिने मानेखाली उशी दिली, गाऊन गुडघ्यापर्यंतच सरकवला, अंगावर चादर नीट केली. फोटो काढला. बाहेर हात मोडलेलं एक लहान मूल रडत होतं, त्याच्या गडबडीत शेरा टाकायचा राहिला.

“अजून कुठे दुखतं का हो?” तिने जाता जाता विचारलं.

हेडबाईंनी चादर जरा वर ओढून घेतली. “गुडघाच,” त्या म्हणाल्या.

रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसत. पेशंट त्यांच्या नजरेला पडत नसे, फक्त फोटो पडत. या विभागातून आलेला गुडघा उभ्यानेच काढलेला असणार, हे ते धरून चालत, आणि हलू-नका बाईच्या राज्यात तसं धरून चालणं चूकही नव्हतं. त्यांनी लिहिलं: वयोमानानुसार किरकोळ बदल, सांध्यातलं अंतर चांगलं राखलेलं.

संध्याकाळी सुनेने तो रिपोर्ट घरात वाचून दाखवला. बरं वाटावं म्हणूनच तिने तो हसतमुखाने वाचला, हेही सांगायला हवं. “आई, काळजीचं काही नाही. गुडघा चांगला आहे तुमचा. हाडांच्या कडांना जरा टोकं आली आहेत, ती सगळ्यांनाच येतात.”

बाइंडरचा जीव भांड्यात पडला. “बघ! मी म्हणत नव्हतो?”

हेडबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि घडी घालून परत दिला. भांडण होईल, निदान ‘तुमच्या मशीनलाच काही कळत नाही’ असं तरी काही येईल, या तयारीने दोघं बसली होती. तसं काहीच झालं नाही. हेडबाई उठल्या आणि जिना चढून वर गेल्या. पहिल्या पायरीवर आवाज आला नाही, वळणावर आला नाही, वर पोचल्यावरही आला नाही.

त्या दिवसापासून घर शांत झालं. बाइंडर खूश. नणंद फोनवर म्हणाली, “औषध लागू पडलं म्हणायचं!” हेडबाई वेळेवर खाली यायच्या, वेळेवर वर जायच्या, पाण्याचा तांब्याही स्वतःच वर न्यायच्या. सुनेने ‘द्या मी नेते’ म्हटलं की ‘कशाला? धड आहे की पाय’ म्हणायच्या. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत फिरायला जायलाही लागल्या. येताना चेहरा घामाने डबडबलेला असायचा, पण तोंडातून चकार शब्द नाही. सून मनात म्हणायची, चला, भीतीच होती, गेली. फोटो खोटं बोलत नाही हे ती इतकी वर्षं लोकांना सांगत आली होती, ती तरी दुसरं काय म्हणणार?

मग एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर येत होती आणि हेडबाई जिना उतरत होत्या. वळणावर त्या थांबल्या होत्या. एक हात भिंतीला टेकवलेला, डोळे मिटलेले, खालचा ओठ दातांत धरलेला. खाली कुणी आहे हे त्यांना कळलं नाही. त्या अगदी हळू, पण शाळेतल्याच आवाजात, स्वतःला म्हणाल्या, “नाटकं पुरे. चल, उतर.”

आणि उतरल्या.

सून पटकन स्वयंपाकघरात शिरली.  हेडबाईंनी हार मानली असती किंवा त्या रुसल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी फोटोवर विश्वास ठेवला होता. शाळेत पोरांकडे बघायच्या त्याच नजरेने त्या आता स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होत्या आणि त्याला वर्गात परत पाठवत होत्या. सुनेला हे कळलं, पण कळून करायचं काय ते कळेना. फोटोत तर काही नव्हतं.

उत्तर तिला मिळालं ते तिच्याच विभागात. एक बसचालक आला होता, धिप्पाड आणि विनोदी. दुसरीकडे कुठेतरी काढलेला जुना फोटो घेऊन आला होता. “तिकडचे म्हणाले गुडघा ठणठणीत आहे. मग हा ब्रेक दाबताना रडतो कशाला?” सुनेने त्याला नेहमीसारखं ओट्यावर चढवलं, दरडावून सरळ उभं केलं, फोटो काढला. नव्या फोटोत आतल्या बाजूची फट जवळजवळ नाहीशी झालेली. हाडावर हाड टेकलेलं. रिपोर्टवाले डॉक्टर त्या दिवशी काही कामाने खाली आले होते. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि हसले.

“जुना झोपवून काढलाय त्यांनी. खुर्चीची गादी कुणी बसलेलं नसताना छान फुगलेलीच दिसणार ना! बसल्यावर कळतं आत काय उरलंय.”

सूनही हसली. “लोक आळस करतात हो सर. झोपवून काढायचा आणि वर शेराही...”

तिचं वाक्य तिथेच थांबलं. डॉक्टरांनी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही.” मग म्हणाली, “नाही, झालंय. माझ्या सासूबाईंचा गुडघा तुम्ही बघितला होता. तो मी झोपवून काढला. शेरा टाकला नाही.”

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा नवलाने बघितलं. बाकी कुणाकडून ही चूक झाली असती तर त्यांना नवल वाटलं नसतं. “घेऊन या परत,” ते म्हणाले. “त्यात काय एवढं? उभ्याने काढा, मी बघतो.” त्यांच्या दृष्टीने विषय तेवढाच होता आणि ते बरोबरच होतं.

सुनेच्या दृष्टीने तो तेवढा नव्हता. घरी जाताना बसमध्ये ती वाक्यं जुळवत होती. आपण चुकलो हे सांगायला तिला लाज वाटत नव्हती, विभागात ती चुका कबूल करायची. तिला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. हेडबाई आता म्हणतील, मशीन वाचवायला नवरा-बायकोने मिळून केलं. आणि तसं त्या म्हणाल्या तर उत्तर काय द्यायचं? तुमची कीव आली म्हणून केलं, असं सांगायचं? हेडबाईंना ते ऐकण्यापेक्षा कट परवडला असता.

हेडबाई वर खिडकीपाशी बसल्या होत्या. सून समोर पलंगावर बसली आणि जुळवलेलं एकही वाक्य न वापरता सांगून मोकळी झाली. गादीची उपमाही सांगितली. “उभं करून काढायला हवा होता. मी कुणालाही सोडत नाही. तुम्हाला मात्र ‘चढा’ म्हणवेना मला. तुम्ही तशा उभ्या होतात ना, गाऊनमध्ये... मला नाही म्हणवलं. चूक माझी आहे आई. त्या फोटोवरून गुडघा चांगला आहे असं म्हणताच येत नाही.”

हेडबाईंनी तिच्याकडे बघितलं. ती शाळेतली नजर नव्हती.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “मला खरंच दुखत होतं?”

 सुनेने होकारार्थी मान डोलावली. हेडबाईंनी चष्मा काढला आणि पदर शोधावा तसा हात घरच्या गाऊनच्या खिशात घालून रुमाल काढला. त्या रडत होत्या. सुनेने त्यांना सासरे गेले तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं.

“मला वाटलं मला वेड लागलं,” हेडबाई म्हणाल्या. “फोटोत काही नाही आणि दुखतंय तर आहेच. मग मीच करतेय हे सगळं. लक्ष वेधायला. म्हातारपणी माणसं करतात असं, मी पाहिलीत. मी रोज ठरवायचे, आज दुखणार नाही. रोज दुखायचं. स्वतःचीच इतकी लाज वाटायची की काय सांगू तुला!”

सून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.  थोड्या वेळाने हेडबाईंनी नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. “आता सांगतेच तुला. नुसता गुडघा नाही गं. वर पण दुखतं.”

“वर कुठे?”

हेडबाईंनी खिडकीबाहेर बघत जांघेवर हात ठेवला. “इथे. बसताना, उठताना, मोजे घालताना. तेव्हा तू विचारलंस, पण असलं कसं सांगायचं? गुडघा म्हणजे चारचौघांत सांगता येतो.”

सुनेने कपाळावर हात मारला. जांघेत दुखणं म्हणजे खुबा, खुब्याचं दुखणं मांडीवरून गुडघ्यात उतरतं, हे तिला पाठ होतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण सुनेने सासूला नीट विचारलं नाही आणि सासूने सुनेला नीट सांगितलं नाही. दोघींनी एकमेकींची अदब सांभाळली आणि दुखत राहिला तो बिचारा पाय.

बाइंडरला तिने त्याच दिवशी गाठलं. तो प्रेसचा दांडा फिरवत होता. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बरं. मग परत काढ फोटो. काय येतंय बघू आणि मग मशीनचं ठरवू.”

“नाही,” सून म्हणाली. “मशीन आधी हलव.”

“अगं, पण फोटोत...”

“फोटोत काय येईल ते येईल. त्या म्हणतात दुखतं. तुला शब्द द्यायचा होता तर आईला द्यायचा, फोटोला कशाला दिलास?” हा आवाज बाइंडरने घरात कधी ऐकला नव्हता. तळघरात तो रोज ऐकू यायचा. त्याने दांडा सोडला आणि मागच्या खोलीत जाऊन मशीनच्या पायांचे बोल्ट कुठून सुटतात ते वाकून बघायला लागला.

दुसऱ्या फोटोच्या वेळी हेडबाई पडद्यामागून बाहेर आल्या, तोच गाऊन, तेच उघडे पाय. सुनेने ओट्याकडे बोट दाखवलं. “चढा. मी धरते. दांडा पकडा. उजव्या पायावरही वजन टाका, चोरू नका.”

“दुखतंय गं.”

“माहीत आहे. टाका.”

हेडबाईंनी वजन टाकलं. सून काचेमागे गेली आणि तिने ‘हलू नका’ म्हटलं, आणि हेडबाई अशा ताठ उभ्या राहिल्या की जणू राष्ट्रगीत चाललंय. मग खुब्यांसाठी त्यांना टेबलावर घेतलं. कंबरेची हाडं चाचपून मधली रेघ काढली, दोन्ही पायांचे अंगठे जुळवून पावलं आत वळवली. उजवं पाऊल आत वळता वळेना. हेडबाईंनी मोठ्याने ‘आई गं’ केलं. बाहेरच्या बाकापर्यंत गेलं असेल. सुनेला त्या आवाजाने इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

फोटो डॉक्टरांनी दोघींना बसवून दाखवले. उजव्या गुडघ्यातली आतली फट बरीच कमी झालेली होती. खुबा त्याहून वाईट. गोळा आणि खोबण यांच्यामध्ये असायची ती काळी कमान वरच्या बाजूला पुसूनच गेली होती. “मुख्य चोर हा आहे,” डॉक्टर म्हणाले. “गुडघ्याच्या नावावर बरंचसं हाच खपवत होता.” मग त्यांनी डावा गुडघा दाखवला. तो उजव्याइतकाच झिजलेला होता, किंबहुना कणभर जास्त.

हेडबाई पुढे झुकल्या. “डावा? डावा तर दुखत नाही मला.”

“नसेल दुखत.”

“म्हणजे दुखायला पाहिजे तो दुखत नाही?”

“असं होतं,” डॉक्टर म्हणाले. “फोटोत झीज दिसते हो, दुखणं दिसत नाही. दोन्हींचं प्रमाण जुळतंच असं नाही. काहींचा फोटो भयंकर असतो आणि माणूस टेकडी चढत असतो. काहींचा साधा असतो आणि जिना चढवत नाही. म्हणून आम्ही फोटो बघतो आणि माणसालाही विचारतो. निदान विचारायला हवं.”

पुढचं रीतसर झालं. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले, डाव्या हातात काठी दिली, खुब्याच्या शस्त्रक्रियेचं बोलणं काढलं आणि विचार करायला वेळ दिला. बाइंडरने मित्रांना बोलावून मशीन सरकवत सरकवत दुकानात नेलं. दुकान इतकं भरलं की गिऱ्हाइकांना आता दारातूनच पुस्तकं द्यावी लागत. तो कुरकुरला, पण आईच्या समोर नाही. नणंदेने फोनवर ‘अगं बाई, खरंच का?’ म्हटलं आणि मग फोन आईकडे द्यायला सांगितलं.

खोली तयार झाली तेव्हा हेडबाईंचं सगळं सामान खाली गेलं होतं. त्या तेवढ्या वर राहिल्या होत्या. सून न्यायला आली. हेडबाई जिन्याच्या तोंडाशी काठी टेकवून उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “उद्या माझ्या दुसऱ्या कशाचा फोटो काढलास. अगदी बरोबर काढलास, उभ्याने. आणि त्यात काही आलं नाही. आणि तरी दुखलं. तर?”

“तर दुखतंय असं धरायचं,” सून म्हणाली. “आणि मला हाक मारायची.”

“कितीही वेळा?”

“कितीही.”

हेडबाईंनी काठी तिच्याकडे दिली. “मग धर ही. हा जिना मला काठीने उतरवत नाही, उगाच ऐट करतेय मी कधीची.” सून एक पायरी खाली उतरून उभी राहिली. आजवर हेडबाईंनी तिचा हात धरला होता तो फार तर रस्ता ओलांडताना, तोही बोटांच्या टोकांनी. आता त्यांनी आपला अख्खा दंड तिच्या मानेमागून टाकला आणि अंगाचा सगळा भार तिच्या खांद्यावर सोडला.

बारीक पोटऱ्यांवरून सुनेने केलेला अंदाज साफ चुकला होता. बाई चांगल्याच जड होत्या.

“उतरायचं?” तिने विचारलं.

“थांब जरा,” हेडबाई म्हणाल्या. “दुखतंय.”

सून थांबली.